सारंगकोटच्या उतारावरून

परदेशप्रवास म्हटला, की आपल्या घरांत प्रथम टूर कंपनीचे रंगीत पत्रक येते आणि त्यापाठोपाठ खाकऱ्यांचे डबे. निवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी निराळा परिपाठ ठेवला आहे. जेवढे स्वतःच्या पाठीवर पेलवेल तेवढेच सामान घ्यावयाचे आणि मुक्काम वाटेत ठरवावयाचा. गेल्या कार्तिकात गोरखपूरहून निघून सोनौलीची सीमा ओलांडली आणि बसने वळणावळणांच्या घाटरस्त्याने नेपाळमधील पोखऱ्यास पोहोचलो. भारतीयांस तेथे व्हिसा लागत नाही. शंभर भारतीय रुपयांस एकशे साठ नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून बदललेला नाही. चलनाच्या चढउतारांत आयुष्य घालवलेल्या माणसास हे स्थैर्य पाहून किंचित हेवाच वाटतो.

पोखऱ्यात फेवा नावाचा विस्तीर्ण तलाव आहे आणि त्याच्या उत्तरेस सुमारे १६०० मीटर उंचीचा सारंगकोटचा डोंगर. सकाळी त्या डोंगरावरून रंगीबेरंगी पंख एकामागून एक आकाशात उतरताना दिसतात. हेच पॅराग्लायडिंग. १९७८ मध्ये फ्रान्समधील मियुसी या गावी काही पॅराशूटपटूंनी विमानाचा खर्च टाळण्यासाठी थेट डोंगरउतारावरून धावत उड्डाण केले, आणि आजच्या या खेळाचा उगम तेथे मानला जातो. काटकसरीतून जन्मलेला खेळ म्हणून मला त्याविषयी प्रथमपासून आपुलकी वाटली, हे मान्य करतो.

या पंखात काठी नसते, सांगाडा नसतो. दुपदरी कापडाचे कप्पे पुढून उघडे असतात. धावताना त्यांत हवा भरते आणि कापडास पंखाचा आकार येतो. नवख्या प्रवाशाने पुढे बसावयाचे, वैमानिकाने मागे. दोघांच्या एकूण वजनानुसार पंख निवडतात, म्हणून वैमानिक भेटताक्षणी वजन विचारतो. त्यात संकोच करू नये आणि आकडाही कमी सांगू नये.

पहिल्या दिवशी आम्ही जीपने वर गेलो, पण उडालो नाही. उड्डाणास वारा समोरून, उतारावर चढत येणारा लागतो. त्या दिवशी तो राहून राहून पाठीमागून येत होता. आमचा वैमानिक, तिशीतला एक गुरुंग तरुण, काठीला बांधलेल्या कापडी पट्टीकडे पाहत दीड तास बसून राहिला. शेजारच्या एका गटातील पर्यटक चिडले. विमानाची तिकिटे दुसऱ्या दिवशीची होती, पैसे भरलेले होते. आमच्या वैमानिकाने शांतपणे पंखाची घडी घातली आणि म्हणाला, "आज नहीं, अंकल." पैसे दुसऱ्या दिवसाकडे वळते झाले.

मला त्याच क्षणी त्याचा भरवसा वाटू लागला. कर्जविभागात मी अनेक वर्षे काढली. अर्ज मंजूर करणे सोपे असते. त्याने सारेच संतुष्ट होतात. समोर ओळखीचा, प्रतिष्ठित ग्राहक बसलेला असताना 'आज नाही' म्हणणारा अधिकारी विरळा. या खेळातील धोका आपणास उंचीत दिसतो, परंतु त्याचा बराचसा निकाल पाय जमिनीवर असतानाच लागतो. कोणत्या वाऱ्यात उडावयाचे, कोणत्या वाऱ्यात नाही, हे ठरवणाऱ्या माणसाच्या हाती आपण जीव देत असतो.

आपली मुले-नातवंडे हल्ली मनाली, पाचगणी, कामशेत येथून उड्डाणाची छायाचित्रे पाठवतात, तीही बहुधा उतरल्यावर. त्यांना अडवावे असे मी म्हणणार नाही. मात्र त्यांनी आधी वैमानिकाचा परवाना पाहावा, राखीव पॅराशूट आहे का ते विचारावे, आणि वारा वाईट असल्यास पैशांचे काय होते हेही विचारून घ्यावे. परतावा नाही असे उत्तर आले, तर तेथे नकार देणे वैमानिकासही जड जात असणार. आणखी एक. प्रवासविम्याच्या अनेक पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात. ते कलम बारीक अक्षरांत असते. मी निघण्यापूर्वी भिंग घेऊन वाचले आणि जादा हप्ता भरून ते जोखीमसंरक्षण घेतले. सौ. हसली, पण पावती तिनेच जपून ठेवली.

दुसऱ्या दिवशी वारा समोरून होता. "अहो, उडायचं तर उडा, पण मला वर उभं राहून बघायला सांगू नका," असे म्हणून सौ. खाली तलावाकाठच्या उतरण्याच्या जागी थांबली. वैमानिकाची सूचना एकच होती: "बैठना नहीं, दौड़ना." जमीन सुटते आहे असे वाटताच माणूस घाबरून बसू पाहतो आणि तेथेच उड्डाण बिघडते. मी धावलो. चार-पाच पावलांनंतर पावले हवेतच पडू लागली.

पोटात गोळा येईल असे वाटले होते. तो आला नाही. समोर माछापुच्छ्रेचे शिखर, ६९९३ मीटर. त्यावर चढाईस परवानगी नाही. खाली तलाव. वाऱ्याची सळसळ आणि वैमानिकाच्या यंत्राची टिकटिक. पंख वर चढत असला की तो आवाज जलद होतो. हवेचा आधार नसता तर दहा-बारा मिनिटांतच खाली आलो असतो. पण उन्हाने तापलेल्या उतारावरून ऊन हवा वर उठत होती, आणि ती कोठे आहे हे आम्हांस एका गिधाडाने दाखवले. ते पंख न हलवता गोल गोल चढत होते. आम्ही त्याच्या मागोमाग गेलो. शेवटी वैमानिकाने गिरक्या घेऊ का म्हणून विचारले. मी त्यास नकार दिला, आणि तो लगेच मानला गेला.

अर्ध्या तासाने काठावर उतरलो. सौ. आमच्याकडे पाठ करून, मान वर करून उभी होती. सारा वेळ ती एका लाल पंखावर डोळे लावून बसली होती. तो अजून आकाशातच होता. आमचा निळा होता.