दुर्लक्षाची तीन नावे

मराठीत आपण ‘दुर्लक्ष’ म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत त्याजागी निदान तीन शब्द आहेत. त्यांतील भेद केवळ कोशापुरता आहे, असे आम्हांस वाटत नाही. ‘ओव्हरलुक’ म्हणजे अनवधानाने नजरेतून सुटणे. ‘निग्लेक्ट’ म्हणजे अंगावर असलेले कर्तव्य न करणे. आणि ‘इग्नोर’ म्हणजे दिसत असूनही न दिसल्यासारखे वागणे. या शेवटच्या शब्दाचे लॅटिन मूळ ‘ठाऊक नसणे’ असे आहे. आजच्या अर्थात मात्र ठाऊक असणे हाच त्याचा गाभा आहे.

आपल्या समाजातील कित्येक वृद्ध स्त्रीपुरुष एकटे राहतात. त्यांची विचारपूस झाली नाही की ‘राहून गेले’ असे आपण म्हणतो, म्हणजे ‘ओव्हरलुक’ झाले. पण ज्यांचे बंद दार जिन्यात रोज दिसते, ते नजरेतून सुटले कसे म्हणावे? शेजाऱ्याच्या बाबतीत हे ‘इग्नोर’ आणि पोटच्या मुलांच्या बाबतीत ‘निग्लेक्ट’ होय. सौम्य शब्द सोयीचा असतो. तो खरा असतोच असे नाही.

हिब्रू भाषा याहून स्पष्ट बोलते. तिच्यातील ‘लेहितअलेम’ या क्रियापदाचा धातू लपण्याचा आहे. तोराच्या पाचव्या पुस्तकाच्या 22व्या अध्यायात, भावाचा बैल वा मेंढरू भटकलेले दिसल्यास त्यापासून लपू नये, अशी आज्ञा आहे. मुक्या जनावरासाठी जर एवढे बंधन, तर ज्या हातांनी आपल्याला वाढविले त्यांच्यासाठी किती असावे, याचा विचार समाजबांधवांनी करावा.