वर्दीवर जाणाऱ्यांच्या घरचा हिशेब

वस्तू व सेवा कर परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत व्यक्तिगत आयुर्विमा आणि आरोग्यविमा करमुक्त केला, २२ सप्टेंबरपासून तो निर्णय अमलात आला आणि मध्यमवर्गाला दिवाळीपूर्वी मिळालेला दिलासा म्हणून त्याचे स्वागतही झाले. परंतु त्याच निर्णयाने गटविम्यावरील १८ टक्के कर जसाच्या तसा ठेवला, याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. गटविमा म्हणजे एखादे खाते, संस्था किंवा मालक आपल्या सर्व माणसांसाठी एकत्रितपणे घेतो तो विमा, आणि ज्यांना स्वतःच्या नावाने मोठा हप्ता भरणे परवडत नाही त्यांच्यापर्यंत विमा पोहोचण्याचा तोच मुख्य मार्ग असतो. आगीची वर्दी मिळताच धावणारा कंत्राटी अग्निशामक, रात्री-अपरात्री रुग्णवाहिका हाकणारा चालक आणि बंदोबस्ताला उभा राहणारा होमगार्ड यांच्यासाठी कुणी असे सामुदायिक संरक्षण उभे करू पाहील, तर त्याला प्रत्येक शंभर रुपयांच्या हप्त्यामागे अठरा रुपये कर भरावा लागेल, आणि स्वतंत्र विमापत्र घेण्याची ऐपत असलेल्याला मात्र तो भरावा लागणार नाही. हा भेद अन्यायकारक आहे, आणि तो ताबडतोब दूर व्हायला हवा.

या करव्यवस्थेत आणखी एक मेख आहे. ज्या विमा योजनेचा संपूर्ण हप्ता केंद्र किंवा राज्य सरकार स्वतः भरते, ती वस्तू व सेवा करातून आधीपासूनच मुक्त आहे. हप्ता कर्मचाऱ्याच्या पगारातून कापला जाऊ लागला की मात्र कर लागू होतो. राज्य शासकीय कर्मचाऱ्यांच्या समूह वैयक्तिक अपघात विमा योजनेत दहा लाख रुपयांच्या संरक्षणासाठी असलेली तीनशे रुपयांची वार्षिक वर्गणी करासह ३५४ रुपये झाली, ती याच कारणाने. चोपन्न रुपये ही रक्कम लहान आहे, यात शंका नाही. परंतु सरकार स्वतः हप्ता भरते तेव्हा कर माफ आणि शिपाई भरतो तेव्हा कर वसूल, हे तत्त्व लहान नाही. संकटात सर्वांत आधी धावून जाणाऱ्यांच्या घराची आर्थिक सुरक्षितता ही त्यांची खासगी बाब आहे, असे राज्ययंत्रणेने मनाशी ठरवून टाकले आहे, आणि हा कर त्या समजुतीचा केवळ एक पुरावा आहे.

मृत्यूनंतर मात्र हीच बाब एकाएकी सार्वजनिक होते. २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन पाळला जातो, तो १९५९ मध्ये लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे मारल्या गेलेल्या दहा जवानांच्या स्मरणार्थ. १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो, तो १९४४ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतील स्फोटात प्राण गमावलेल्या ६६ अग्निशामकांच्या स्मरणार्थ. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीतील आगीने मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी हिरावून नेले, तेव्हाही मानवंदना झाली, घोषणा झाल्या. मानवंदना द्यायलाच हवी. परंतु धनादेश सुपूर्द करतानाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले की राज्याचे कर्तव्य संपले असे मानणे, आणि तो माणूस हयात असताना त्याच्या घराचा हिशेब एकदाही उघडून न पाहणे, ही शुद्ध बेपर्वाई आहे.

शिवाय तो धनादेश किती रकमेचा असेल, हे पत्करलेल्या धोक्यावर ठरत नाही. मृताचे नाव कोणत्या पटावर होते यावर ठरते. १ मे २०१९ रोजी गडचिरोली जिल्ह्यात जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी घडवलेल्या स्फोटात पंधरा पोलीस मारले गेले आणि त्यांना घेऊन जाणाऱ्या खासगी वाहनाचा चालकही मारला गेला. सोळाही जण एकाच गाडीत होते, त्यांतील पंधरा जणांची नावे दलाच्या पटावर होती आणि एकाचे नव्हते. पटावरच्या माणसामागे कुटुंबनिवृत्तिवेतन (म्हणजे मृत कर्मचाऱ्याच्या जोडीदाराला दरमहा मिळणारी रक्कम), उपदान (म्हणजे सेवेच्या मोबदल्यात मिळणारी एकरकमी रक्कम) आणि सानुग्रह अनुदान (म्हणजे सरकार आपल्या निर्णयाने देते ते अर्थसाहाय्य) अशी एकावर एक कवचे असतात. नोव्हेंबर २०२५ पर्यंत पटाबाहेरच्या माणसाला शेवटी आधार उरे तो १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याचा. त्या कायद्यानुसार भरपाईसाठी महिन्याचे वेतन कितीही जास्त असले तरी पंधरा हजारच धरले जाई, त्याच्या निम्म्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणले जाई, आणि तीस वर्षांच्या तरुणासाठी हे उत्तर जास्तीत जास्त सुमारे साडेपंधरा लाख रुपये येई. ही रक्कम सात टक्के व्याजाने ठेवली तर घरात महिन्याला नऊ हजारांच्या आसपास पैसे येतील, आणि त्यांत दोन मुलांचे शिक्षण, म्हाताऱ्या आईवडिलांची औषधे आणि घरभाडे भागवावे अशी अपेक्षा होती.

पटावरच्या माणसाची स्थिती यापेक्षा बरी असली, तरी ती सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही. पोलीस शिपायाची वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१०० रुपये आहे, भत्ते त्यावर मिळतात, आणि त्या वेतनातून पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता, गृहकर्जाचा हप्ता आणि निवृत्तिवेतनाची वर्गणी वजा झाल्यावर उरते त्यावर घर चालते. पतसंस्थेच्या कर्जाला सहकारीच एकमेकांना जामीन राहतात. कर्जदार गेला आणि त्या कर्जाला विमासंरक्षण नसेल, तर वसुली मृताच्या देय रकमांतून होते आणि त्या अपुऱ्या पडल्यास जामीनदारांच्या पगाराला हात लागतो. म्हणजे एका घरावरचे संकट त्याच पोलीस ठाण्यातील आणखी दोन घरांत शिरते. अशा घरासाठी पहिले साधन मुदत विमा हे आहे. मुदत विमा म्हणजे ठरावीक वर्षांत मृत्यू आला तरच रक्कम देणारा, जगल्यास काहीही परत न देणारा आणि म्हणूनच स्वस्त असणारा विमा. तिशीतल्या निर्व्यसनी माणसाला एक कोटी रुपयांचे संरक्षण वर्षाला साधारण दहा ते पंधरा हजार रुपयांत मिळू शकते. तेवढेच पैसे ‘परत मिळणाऱ्या’ बचत विम्यात घातले, तर संरक्षण काही लाखांपुरतेच मिळते. तरीही पोलीस वसाहतींमधून वर्षानुवर्षे बचत विमाच विकला गेला आहे, कारण विकणाऱ्याचे कमिशन त्यात अधिक असते आणि विकत घेणाऱ्याला हा फरक समजावून सांगणे कुणाच्याच कर्तव्यसूचीत नसते.

हा विमा कर्जापासून सुरक्षित ठेवण्याची सोय दीडशे वर्षांपूर्वीच करून ठेवलेली आहे. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याच्या सहाव्या कलमानुसार पतीने पत्नी व मुलांच्या हितासाठी घेतलेले विमापत्र हा आपोआप न्यास ठरतो, म्हणजे ती रक्कम केवळ त्यांच्यासाठीच राखीव राहते आणि पतीच्या धनकोंना तिच्यावर जप्ती आणता येत नाही. त्यासाठी विमापत्र घेतानाच एक अर्ज भरावा लागतो आणि त्याला वेगळा खर्च नाही. कर्जाच्या हप्त्यांखाली वाकलेल्या शिपायाच्या घरासाठी यापेक्षा उपयुक्त तरतूद शोधून सापडणार नाही. ती त्याला कुणी सांगितली आहे काय?

अपघात विमा आणि आयुर्विमा यांतला फरकही असाच अंधारात राहतो. पगाराच्या बँक खात्याबरोबर मिळणारा अपघात विमा मोठ्या आकड्याचा असतो आणि तो पुरेसा आहे, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु अपघात म्हणजे बाहेरून, अचानक आणि दृश्य कारणाने झालेली इजा, अशी विम्याची व्याख्या आहे. सलग बंदोबस्तानंतर हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला हवालदार त्या व्याख्येत बसत नाही. धुरात वर्षे काढलेल्या अग्निशामकाच्या फुप्फुसांचा आजारही त्यात बसत नाही. या सेवांत शरीर झिजते ते हळूहळू, आणि नुकसानभरपाईचे बहुतेक नियम एका क्षणाच्या घटनेभोवती रचलेले आहेत. करोनाकाळात राज्याने कर्तव्यावरील मृत्यूसाठी पन्नास लाखांचे साहाय्य जाहीर केले तेव्हाही मृत्यूपूर्वीच्या किंवा रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीच्या चौदा दिवसांत कर्मचारी कामावर हजर असल्याचा दाखला त्याच्या घरच्यांना द्यावा लागत होता. संसर्ग कोणत्या दिवशी झाला याचा पुरावा दुःखात बुडालेल्या घराकडे मागणे हे निर्दय होते, आणि तो नियम लिहिणाऱ्यांना त्याची जाणीव व्हायला हवी होती.

नामनिर्देशन, म्हणजे आपल्या पश्चात रक्कम कुणाच्या हाती द्यावी हे लिहून ठेवणे, हा तर केवळ एका कागदाचा प्रश्न आहे. भरतीच्या वेळी अविवाहित असलेला तरुण आईचे किंवा वडिलांचे नाव लिहितो, पुढे लग्न होते, मुले होतात, बदल्या होतात आणि ते नाव तसेच राहते. कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीत कुटुंब नसताना केलेले नामनिर्देशन विवाहानंतर रद्दच होते. इतर अनेक ठिकाणी ते कायम राहते, आणि मग सून व सासू न्यायालयात समोरासमोर उभ्या राहतात. नामनिर्देशित व्यक्ती ही बहुतेक बाबतींत रक्कम स्वीकारणारी असते, मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सरबती देवी खटल्यात विम्याबाबत सांगितले; २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, जोडीदार व मुले यांच्यापुरता विम्याचा नियम बदलला, तर समभागांच्या बाबतीत २०२३ मध्ये न्यायालयाने जुनेच तत्त्व कायम राखले. कायद्याचा इतका गुंता बंदोबस्तावरून परतलेल्या शिपायाने स्वतः सोडवावा, अशी अपेक्षा कशी करता येईल? वर्षातून एकदा कवायतीच्या मैदानावर टेबल मांडून सर्वांचे नामनिर्देशन तपासायला खात्याला एक दिवस पुरेल, आणि तो एक दिवस काढला जात नाही.

निवृत्तिवेतनाचा गोंधळ याहून मोठा आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर राज्यसेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन बंद झाले आणि बाजाराशी जोडलेली अंशदायी योजना लागू झाली. अशा कर्मचाऱ्याचा सेवेत मृत्यू झाल्यास त्याच्या घराला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळावे, ही साधी गोष्ट मान्य व्हायला मार्च २०२३ मधला सात दिवसांचा संप घडावा लागला. ३१ मार्च २०२३ च्या शासननिर्णयाने ती मान्य झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने केंद्राच्या धर्तीवरील एकीकृत योजना स्वीकारली, जिच्यात पंचवीस वर्षे सेवा झालेल्याला शेवटच्या वर्षाच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे आणि पश्चात जोडीदाराला त्याच्या साठ टक्के रकमेची हमी आहे. म्हणजे आता पर्याय निवडायचा आहे, आणि तो आयुष्यभराचा आहे. वय, उरलेली सेवा, जोडीदाराचे उत्पन्न आणि घरावरचे कर्ज यांनुसार प्रत्येकासाठी योग्य उत्तर वेगळे येईल. प्रत्यक्षात मात्र शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने जे भरले तेच भरले जाते. यात दोष त्या शिपायाचा नाही, परिपत्रक काढून मोकळ्या होणाऱ्या कार्यालयांचा आहे.

घराचा हिशेब हा ज्याचा त्याने पाहावा, सरकारने त्यात डोकावू नये, असा आक्षेप घेतला जाईल. तो टिकणारा नाही. गट ड वगळता राज्याच्या कर्मचाऱ्यांकडून सरकार दरवर्षी मत्ता व दायित्वांचे विवरणपत्र, म्हणजे आपल्याकडे काय आहे आणि कुणाचे किती देणे आहे याचा लेखी तपशील, घेतच असते. भ्रष्टाचाराच्या संशयाने तो तपशील मागण्याचा अधिकार सरकारला असेल, तर त्याच तपशिलात कर्ज दहा लाखांचे आणि विमा शून्य दिसल्यावर त्या माणसाला बोलावून सांगण्याचे कर्तव्यही सरकारचेच आहे. अनुकंपा नियुक्तीकडे, म्हणजे मृताच्या वारसाला दिल्या जाणाऱ्या नोकरीकडे, बोट दाखवून हे कर्तव्य टाळता येणार नाही. ती नियुक्ती हा हक्क नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ पासून वारंवार सांगितले आहे, आणि प्रतीक्षायादीत वाट पाहणाऱ्या घराला त्या काळात भाडे, फी आणि किराणा भरावाच लागतो.

आणि ज्यांचे विवरणपत्रही कुणी मागत नाही, त्यांचे काय? १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेतील डॉक्टर आणि चालक कंत्राटदाराच्या नोकरीत आहेत. होमगार्डचा दैनिक भत्ता ५७० वरून १,०८३ रुपये झाला हे चांगलेच झाले, परंतु तो कर्तव्य मिळेल त्याच दिवसाचा असतो, आणि ज्या दिवशी कर्तव्य नाही त्या दिवशी घराला आधार नाही. त्यांच्यासाठी आजही काही साधने उपलब्ध आहेत. भविष्यनिर्वाह निधीचा सभासद असलेल्या कंत्राटी कामगाराच्या मृत्यूनंतर त्या निधीशी जोडलेल्या विमा योजनेतून अडीच ते सात लाख रुपये मिळू शकतात. बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपये कापून दोन लाखांचा जीवनज्योती विमा आणि वीस रुपये कापून दोन लाखांचा अपघात विमा मिळतो. या रकमा अपुऱ्या आहेत, तरीही त्या हातात पडायला हव्यात, आणि त्या पडत नाहीत याचे कारण बहुधा एवढेच असते की कंत्राटदाराने निधी भरलाच नाही किंवा घरच्यांना त्याची माहितीच नव्हती. निधी भरल्याची पावती पाहिल्याशिवाय कंत्राटदाराचे देयक मंजूर करायचे नाही, हा अधिकार प्रत्येक महापालिकेकडे आणि आरोग्य विभागाकडे मुख्य नियोक्ता म्हणून आहे. तो वापरला पाहिजे, कठोरपणे वापरला पाहिजे.

कर परिषदेच्या पुढच्या बैठकीत महाराष्ट्राच्या प्रतिनिधीने गटविम्यावरील कर रद्द करण्याचा ठराव मांडावा, किमान पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका आणि गृहरक्षक सेवांपुरता तरी तो आग्रहाने मांडावा. त्यासाठी थांबून न राहता राज्याने या चारही सेवांतील कायम आणि कंत्राटी अशा प्रत्येक माणसाचा एकसमान मुदत विमा स्वतः उतरवावा. संपूर्ण हप्ता सरकारने भरला तर त्यावर कर लागत नाही, ही तरतूद आजही कायद्यात आहे. पोलीस प्रशिक्षण केंद्रांत आणि अग्निशमन प्रशिक्षणात शेवटचे दोन दिवस विमा, कर्ज, नामनिर्देशन आणि निवृत्तिवेतन यांसाठी राखून ठेवावेत, आणि त्या दोन दिवसांसाठी जोडीदाराला किंवा आईवडिलांनाही बोलवावे, कारण पुढे कागद शोधण्याची वेळ त्यांच्यावरच येणार असते. या कामासाठी विमा कंपन्यांचे प्रतिनिधी मुळीच आणू नयेत; खात्याने स्वतःचे, कमिशन न घेणारे सल्लागार नेमावेत आणि त्यांचे वेतन पोलीस कल्याण निधीवर न टाकता राज्याच्या अर्थसंकल्पातून द्यावे.