चरबी चढते कुठवर?

कोणी उर्मटपणे बोलला की 'याला चरबी चढली' असे आपण म्हणतो. पोट सुटले तर मात्र 'अंग धरले हो!' म्हणून कौतुक करतो. अनारशांच्या ताटासमोर हा विषय काढणे बरे नव्हे, हे मला कळते. पण घरची सारी मंडळी एकत्र सापडतात ती याच दिवसांत. म्हणून आजच सांगतो.

लठ्ठपणाने हृदय थकते, गुडघे कुरकुरतात, मधुमेह मागे लागतो, हे आपण ऐकून आहोत. त्याची झळ मेंदूलाही लागते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. स्पेनच्या पीओ देल रिओ ओर्तेगा या शास्त्रज्ञाने १९१९ साली त्यांची ओळख करून दिली. राखण आणि झाडलोट ही त्यांची कामे. रोगजंतू आला की गिळायचा, मेलेल्या पेशींचा केर काढायचा. आता शरीरात चरबी फार साठली की तिच्या फुगलेल्या पेशी स्वस्थ बसत नाहीत. दाह माजवणारी द्रव्ये रक्तात सोडतात. त्याने मेंदूतले हे राखणदार बिथरतात. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीबरोबर विम्याचे कागदही जावेत, तसे होते. केराबरोबर मज्जापेशींमधले चांगले सांधेही ते गिळू लागतात; आणि आपल्या आठवणी तर या सांध्यांवरच तगून असतात.

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली हे उंदरांत दाखवून दिले. तुपट खाणे खाऊन लठ्ठ झालेले उंदीर वाट चुकू लागले, वस्तूंच्या जागा विसरू लागले. या पेशींचे गिळणे औषधाने रोखले, तेव्हा त्यांचे स्मरण शाबूत राहिले!

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, कबूल. पण कॅलिफोर्नियात दहा हजारांहून अधिक माणसांचा सुमारे २७ वर्षे मागोवा घेतला गेला. त्याचा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. चाळिशीत लठ्ठ असलेल्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका नेमक्या वजनाच्या माणसांपेक्षा ७४ टक्क्यांनी अधिक आढळला. प्रत्येक लठ्ठ माणूस विसरभोळा होतो, असा याचा अर्थ नाही. पण म्हातारपणाचा हिशेब चाळिशीतच सुरू होतो, एवढे खरे.

तेव्हा शिवणाच्या डब्यातली टेप काढा आणि कंबर मोजा. आपल्याकडे पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत राहावे, असे डॉक्टर सांगतात. फराळ टाळा, असे मी म्हणणार नाही. चकलीशी माझे वैर नाही. सणाचे चार दिवस सुखाने खा. उरलेले तीनशे एकसष्ट दिवस मात्र सांभाळा. रोज पायी फिरा, 'वाया जाईल' म्हणून उरलेसुरले पोटात ढकलू नका. वहिनी, हे विशेषकरून तुम्हांला!

म्हातारपणासाठी आपण पैसा साठवतो. तो कुठे ठेवला, हे आठवायला डोकेही ठिकाणावर हवे ना?