ओसरीवरून : दिग्विजयास निघालेला वाद्यवृंद

एका वाचक भगिनीनें पत्रांतून एक प्रश्न विचारला आहे. प्रश्न घरगुती आहे. परंतु तो अनेक घरांत निघत असला पाहिजे, म्हणून त्याचें उत्तर टपालानें न धाडतां येथेंच देतों. जानेवारी २०२५ मध्यें 'कोल्डप्ले' ह्या नांवाच्या इंग्रज वाद्यवृंदाचे जलसे नव्या मुंबईंत झाले. ह्या बाईंच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या कन्येनें लहान मुलांच्या शिकवण्या करून तिकिटापुरते पैसे सांठविले होते. वडिलांनीं जाऊं दिलें नाहीं. कन्या उलट बोलली नाहीं. पण तेव्हांपासून घरांत गाण्याचा विषय निघाला कीं ती उठून आंत जाते. 'आमचें चुकलें काय, आणि पुन्हां असा प्रसंग आला तर काय करावें?' असें बाई विचारतात.

निवाडा करण्यापूर्वीं मूळ वस्तु पाहणें हा न्याय आहे. आमच्या पिढीस ती संवय थोडी. रॉक संगीत म्हटलें कीं केस वाढविलेले तरुण, कर्कश गिटार आणि व्यसनें एवढेंच चित्र आमच्या डोळ्यांपुढें उभें राहतें, आणि मग ऐकण्याचें कारणच उरत नाहीं. हा कोल्डप्ले वाद्यवृंद चौघांचा आहे. लंडनच्या विद्यापीठांत शिकत असतां ही मंडळी एकत्र आली. गायक क्रिस मार्टिन हा त्यांतला पुढारी. त्यांचें 'म्यूझिक ऑफ द स्फिअर्स', म्हणजे ग्रहगोलांचें संगीत, हें गीतपुस्तक १५ ऑक्टोबर २०२१ रोजीं प्रसिद्ध झालें, आणि तें बरोबर घेऊन मार्च २०२२ मध्यें मध्य अमेरिकेंतील कोस्टा रिका देशांतून ही मंडळी दिग्विजयास निघाली. दौरा सप्टेंबर २०२५ मध्यें लंडनच्या वेम्ब्ले मैदानावर संपला. साडेतीन वर्षें झालीं, आणि एक कोटीहून अधिक तिकिटें खपलीं. मध्यंतरीं ऑक्टोबर २०२४ मध्यें त्यांचें दुसरें गीतपुस्तकही निघालें. दौरा मात्र पहिल्याच नांवानें चालूं राहिला.

गीतपुस्तक हा शब्द मीं 'अल्बम'साठीं योजला आहे, तो उगीच नव्हे. लॅटिन भाषेंत अल्बम म्हणजे पांढरा केलेला फळा. प्राचीन रोममध्यें सरकारी फर्मानें त्यावर लिहीत. पुढें कोऱ्या पानांच्या वहीस तो शब्द लागला. ग्रामोफोनच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांपुरतेंच गाणें मावे. मोठी रचना द्यावयाची तर चार-सहा तबकड्या लागत, आणि त्या ज्या पुठ्ठ्याच्या बांधीव वहींत घालून विकीत ती वहीच अल्बम म्हणवूं लागली. १९४८ सालीं अमेरिकेंत लांब वाजणारी तबकडी निघाली, वही गेली, नांव राहिलें. आतां तर तबकडीही गेली. हल्लीं महिन्याच्या अल्प वर्गणींत जगांतलें बहुतेक सर्व गाणें घरबसल्या मिळतें. परिणाम असा झाला कीं, पूर्वीं तबकडी खपावी म्हणून गवई गांवोगांव हिंडे. आतां हिंडणें हाच मुख्य धंदा आणि नवें गीतपुस्तक हें त्याचें निमंत्रण. हें कारण ध्यानांत घेतल्याशिवाय तिकिटांच्या किंमती कां भडकल्या हें कळणार नाहीं.

आमच्या वाचकांस हें सारें अगदींच परकें वाटूं नये. किर्लोस्कर मंडळीनें ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें, दोन वर्षांनीं 'सौभद्र' आणलें, आणि तीं नवीं पदें घेऊन ती मंडळी शहरोशहरीं मुक्काम करीत फिरली. आचारी, पेटीवाले, पडदे रंगविणारे, शिकाऊ मुलें असा सगळा संसार आगगाडीनें हाले. मुक्काम उठे तेव्हां पदें गांवांत राहात आणि पुढें वर्षभर ओट्याओट्यांवर ऐकूं येत. १९१३ सालीं निघालेल्या गंधर्व मंडळीचा थाट तर इतका वाढला कीं मंडळी कर्जांत बुडाली, हें सर्वश्रुत आहे. ८ जुलै १९२१ रोजीं बालगंधर्व आणि केशवराव भोसले ह्यांनीं टिळक स्वराज्य फंडासाठीं मुंबईंत संयुक्त 'मानापमान' केलें, तेव्हां त्यास लोटलेली गर्दी हा अजूनही आख्यायिकेचा विषय आहे. जे वडील आज मुलीस 'हें कसलें वेड' म्हणून दटावतात, त्यांच्या आजोबांना त्यांच्या पणजोबांनीं नेमक्या ह्याच शब्दांत दटावलें असेल, अशी माझी खात्री आहे.

विलायती मंडळींचे पायही महाराष्ट्रास आजच लागलेले नाहींत. १ नोव्हेंबर १९९६ रोजीं मायकेल जॅक्सन अंधेरीस गाऊन गेला. त्या जलशास दिलेल्या करमणूक-करमाफीचा वाद न्यायालयांत गेला आणि तो निकालांत निघण्यास २०२१ साल उजाडलें. गाणें एका रात्रीचें, दप्तर पंचवीस वर्षांचें! १ फेब्रुवारी २००८ रोजीं 'आयर्न मेडन' ह्या मंडळीनें आपल्या जगप्रवासाचा नारळ मुंबईंतच फोडला. त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन हा वैमानिकही असल्यानें मंडळीचें विमान तो स्वतः चालवी. १५ डिसेंबर २०१९ रोजीं 'यू टू' ह्या आयरिश मंडळीनें आपल्या १९८७ सालच्या गीतपुस्तकाच्या दौऱ्याची सांगता नव्या मुंबईंत, नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर केली. कोल्डप्ले त्याच मैदानावर १८, १९ आणि २१ जानेवारी २०२५ रोजीं गायले. नेरूळ हें आमच्याच ठाणें जिल्ह्यांत. तेव्हां साऱ्या पृथ्वीस प्रदक्षिणा घालणारा हा दौरा शहापूर तालुक्याच्या जिल्ह्यांतच येऊन गेला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

ऐकल्यावांचून मत देत नाहीं. अहमदाबादेस २६ जानेवारी रोजीं झालेला जलसा आंतरजालावरून घरोघरीं दाखविला गेला. तो मीं येथें भातसानगरीं शेजारच्या बिऱ्हाडीं बसून पाहिला. त्या मैदानांत लाखाहून अधिक माणूस होतें. प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टी. दुरून संदेश जातांच त्या साऱ्या पट्ट्या एकदम तांबड्या, एकदम निळ्या होत. त्रिपुरी पौर्णिमेची दीपमाळ श्वास घेऊं लागली तर कशी दिसेल, तसें तें दृश्य. स्वरांविषयीं म्हणाल तर चाली सोप्या आहेत. फार सोप्या आहेत. आमच्या रागसंगीतांत एका स्वरावर जो विचार होतो, तो तेथें नाहीं, आणि तो शोधणें म्हणजे भारुडांत ध्रुपद शोधणें. परंतु सोप्या चालीचें प्रयोजन लवकरच ध्यानांत येतें. ध्रुवपद आलें कीं गायक थांबतो आणि समोरचा समुदाय गातो. हरिदास बुवा टाळकऱ्यांवर भजन सोंपवून क्षणभर मागें सरतात, तीच युक्ति. कीर्तनास बसलेल्या मनुष्यास ह्यांत नवल वाटूं नये. गायकाचें वर्तनही सभ्य होतें. नेरूळास तर त्यानें मराठींत श्रोत्यांचें कौतुक केलें, आणि ब्रिटननें हिंदुस्थानाशीं केलेल्या वाईट गोष्टींबद्दल क्षमा केल्याबद्दल आभार मानले. विनोदाच्या भरांत म्हणा, पण म्हणाला.

ग्रहगोलांच्या संगीताची कल्पना ह्या मंडळीची नव्हे. पायथागोरसाच्या संप्रदायानें पाहिलें कीं तार निम्मी केली असतां तोच स्वर वरच्या सप्तकांत निघतो, दोन-तृतीयांश ठेविली तर पंचम निघतो आणि तीन-चतुर्थांश ठेविली तर मध्यम. मग आकाशस्थ गोलांचीं अंतरेंही अशाच प्रमाणांत असून त्यांचा एक सूक्ष्म नाद चालला असला पाहिजे, असा त्यांनीं तर्क केला. केप्लरनें १६१९ सालच्या आपल्या ग्रंथांत ग्रहांच्या गतींवरून स्वर बसवून दाखविले. आणि आमच्या देवगिरीस, यादव राजा सिंघण ह्याच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यांत आहत व अनाहत असे नादाचे दोन भेद सांगून, आघातावांचून होणारा तो अनाहत नाद योग्यांचा विषय, लोकांच्या रंजनाचा नव्हे, असा निर्वाळा दिला आहे. शार्ङ्गदेव येथें अधिक सावध वाटतो. कोल्डप्लेच्या गीतपुस्तकांत कल्पित ग्रहांचीं नांवें आहेत, पण तो केवळ शृंगार. गाणीं पृथ्वीवरचीं आणि तारुण्यांतलींच आहेत. त्यांत वाईट कांहीं नाहीं.

ह्या मंडळीचा दुसरा अभिमान पर्यावरणाविषयींचा. प्रत्येक तिकिटामागें एक झाड, प्रेक्षकांनीं नाचून वा सायकली हाणून वीज उत्पन्न करावयाच्या फरशा व यंत्रें, आणि मनगटी पट्टी परत करण्याचा आग्रह. २०१६-१७ च्या आपल्या दौऱ्याच्या मानानें धुराचें प्रमाण ५९ टक्क्यांनीं घटविल्याचें त्यांनीं २०२४ मध्यें जाहीर केलें. प्रयत्न प्रामाणिक दिसतो. तरी जगभर विमानांनीं सामान हलवावयाचें आणि श्रोत्यानें सायकल मारावयाची, ह्यांत थोडी गंमत आहेच. जेथून मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वांटा जातो त्या भातसा धरणाच्या पायथ्याशीं मी राहतों. आणि ह्याच तालुक्यांतल्या वाड्यांवर उन्हाळ्यांत टँकर येतो. साधनें कोठून उचललीं जातात आणि उजेड कोठें पडतो हें पाहण्याची त्यामुळें संवय लागली आहे, इतकेंच.

आतां ज्या गोष्टीस खरोखर नांवें ठेवावीं ती. तिकिटांची विक्री २२ सप्टेंबर २०२४ रोजीं आंतरजालावर उघडली. दर अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत. लक्षावधि माणसें एकाच क्षणीं रांगेंत उभीं राहिलीं आणि बघतां बघतां तिकिटें संपलीं. आणि लगेच तींच तिकिटें दुसऱ्या ठिकाणीं अनेक पटींनीं, कांहीं तर लाखांच्या घरांत, विकावयास निघालीं. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनें चौकशी केली. उच्च न्यायालयापुढें अर्ज झाला. परंतु ह्यावर कायदा करणें हें विधिमंडळाचें काम आहे म्हणून न्यायालयानें जानेवारी २०२५ मध्यें तो निकालांत काढला. नाटकगृहाबाहेर चिठ्ठी दुप्पट किंमतीस विकणारा इसम आम्हीं पाहिला आहे. तो निदान तोंड दाखवीत असे. आतांचा अडत्या दिसतही नाहीं. ज्या मुलीनें शिकवण्या करून अडीच हजार जमविले तिच्या हातचें तिकीट यंत्राच्या साह्यानें आधींच उचललें जावें, ही ह्या प्रकरणांतली खरी अनीति. गाण्यास दोष देणाऱ्या वडिलधाऱ्यांनीं तिच्याबद्दल चकार शब्द काढलेला मीं ऐकला नाहीं.

दुसरी गोष्ट कानांची. जलशापूर्वीं ठाणें जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षानें आयोजकांस सूचना काढली, तींत मुलांच्या कानांत बोळे असावेत आणि १२० डेसिबेलहून अधिक आवाज मुलांस अपायकारक आहे, असें बजाविलें होतें. सूचना योग्यच. मात्र गणपतीच्या मिरवणुकींत कर्ण्यांच्या भिंती उभारून तान्ह्या मुलांना खांद्यावर घेऊन नाचणाऱ्या आमच्या गृहस्थांनाही ती कोणी तरी वाचून दाखवावयास हवी होती.

बाईंच्या प्रश्नाकडे येतों. नकार देणें हा आईबापांचा अधिकार आहे. परंतु आपल्या घरीं तीन निरनिराळ्या हरकतींचें एकच गाठोडें बांधलें गेलें, असें पत्रावरून दिसतें. गाणें विलायती म्हणून नको होतें, कीं पैसे फार म्हणून, कीं रात्रीचा प्रवास म्हणून? पहिली हरकत असेल तर ती टिकत नाहीं. बापानें एकदा मुलीजवळ बसून तिचीं दोन गाणीं ऐकावींत, आवडलीं नाहींत तर तसें सांगावें, पण ऐकावींत. दुसरी हरकत मुलीच्या स्वकष्टार्जित पैशास लागू होत नाहीं. तेथें सल्ला द्यावा, हुकूम देऊं नये. तिसरी हरकत मात्र खरी आहे, आणि तिच्यावर उपायही आहे. म्हणून कन्येस स्वच्छ सांगावें कीं, आम्हांस भय प्रवासाचें होतें, तुझ्या आवडीचें नव्हे. हें खरें असेल तरच सांगावें. मुलांना खोटें लगेच कळतें. चाळीस वर्षें वर्गांत उभा राहिलों आहें.

पुढच्या खेपेस पुढील गोष्टी कराव्या. तिकीट अधिकृत विक्रेत्याकडून मिळालें तरच जावें. दुपटीनें विकणाऱ्याकडून एकही घेऊं नये, मग मुलगी कितीही हिरमुसली तरी. चौघी-पांचजणी मिळून जावें आणि बरोबर कानांतले बोळे न्यावेत. जलसा संपून हजारों माणसें एकाच दाराकडे निघतात. त्या लोंढ्यांत न शिरतां थोडा वेळ जागेवरच बसून राहावें. नेरूळहून ठाण्यास आणि ठाण्याहून आसनगांवास अशा दोन गाड्या त्या अवेळीं साधणें अवघड. तेव्हां ठाण्यांत किंवा वाशीस कोणी आप्त असतील तर त्यांच्याकडे रात्र काढावी, आणि तसें त्यांना आठवडाभर आधीं कळवावें. ऐन रात्रीं दार ठोठावूं नये. सकाळच्या गाडीनें मुली परत येतील. आल्यावर भूक लागलेली असेल आणि घसे बसलेले असतील, तेव्हां चौकशा जेवण झाल्यावर कराव्या.