गोचीड नखावर चिरडू नका



गाळपाचा हंगाम जवळ आला की पोखर्णीच्या शिवारात तोडीची, उताऱ्याची आणि दराची चर्चा सुरू होते. बैलाच्या अंगावरच्या गोचिडाबद्दल कोणी बोलत नाही. ते बोलावं म्हणून हे चार शब्द.

संध्याकाळी बैल दावणीला बांधला की जांघेतले, मानेखालचे गोचीड उपटायचे आणि अंगठ्याच्या नखावर चिरडायचे, ही आपली वाडवडिलांपासूनची सवय. पण २०११ च्या जानेवारीत अहमदाबाद जिल्ह्यातल्या कोलाट गावची एक बाई क्रिमियन-काँगो तापाने दगावली. पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही गेल्या. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने रोग ओळखला. हा विषाणू हायलोमा जातीच्या गोचिडात असतो. गोचीड चावला तरी, आणि चिरडताना त्याचं रक्त हाताच्या चिरेत गेलं तरी लागण होऊ शकते. जनावर मात्र आजारी दिसत नाही, हीच खरी अडचण.

२०१६ साली सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात माकडतापाने माणसं दगावली. तो जंगलातला गोचीड; आपल्याकडे तसं जंगल नाही. पण हायलोमाला जंगल लागत नाही, गोठ्याच्या भिंतीची भेग पुरते.

कोणी म्हणेल, हे काम पशुसंवर्धन खात्याचं, कारखान्याचा काय संबंध? संबंध आहे. बैलगाड्या कमी झाल्या असतील, पण जिथं आहेत तिथं दहा गावचे बैल एका तळावर मुक्काम करतात. एकट्याने घरी फवारणी केली तरी शेजारच्या बैलाचा गोचीड आपल्या बैलावर चढतोच. ऊस आपण सहकाराने गाळतो, मग गोचीड ज्याने त्याने एकट्याने का मारायचा? म्हणून संचालक मंडळाने हंगामाआधी आणि हंगामात, पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली, बैलतळावर फवारणी करावी. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, सल्ल्याला लांब जायला नको. येत्या वार्षिक सभेत सभासदांनी हा विषय मांडावा.

तोवर आपल्या हातातलं आपण करू. गोचीड चिमट्याने धरून चुलीत टाकावा, हात साबणाने धुवावेत. पिकावरचं औषध जनावराला मुळीच लावू नये. गोठ्याच्या भेगा बुजवाव्यात. आणि ताप आला तर डॉक्टरला आधी सांगावं, "गोचीड काढले होते." तेवढ्या एका वाक्याने एखाद्याचा जीव वाचेल.