पाण्यातली विष्ठा कोणाची?

पाण्याचा नमुना तपासायला दिला की अहवालात निकाल येतो: पिण्यास योग्य किंवा अयोग्य. भारतीय मानकानुसार 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू मुळीच आढळता कामा नये. आढळला, तर पाण्यात विष्ठा मिसळली आहे असे समजावे. ती माणसाची, म्हशीची की कुत्र्याची, हे मात्र त्या अहवालातून कळत नाही, कारण ई. कोलाय या साऱ्यांच्याच आतड्यात सुखाने नांदतो.

हा भेद ओळखण्याची एक वाट 2000 साली अमेरिकेतील ओरेगॉन स्टेट विद्यापीठातील बर्नहार्ड आणि फील्ड या संशोधकांनी दाखवली. आतड्यात बॅक्टेरॉइडेलीस नावाच्या गटातील जंतू विपुल असतात. माणसाच्या आतड्यातील त्यांचे काही वाण वेगळे, रवंथ करणाऱ्या जनावरांच्या आतड्यातील वेगळे. त्यांच्या जनुकातील वेगळेपणाचा नेमका तुकडा पाण्यात शोधायचा, की मूळ मालकाचा माग लागतो. करोनाकाळात घरोघरी पोहोचलेली पीसीआर चाचणी येथेही कामी येते.

मालक कळून उपयोग काय? विषमज्वराचा जंतू माणसाकडूनच माणसाकडे येतो. तेथे सांडपाण्याची गळती शोधावी लागते. क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवी वासरांच्या शेणातूनही येतो आणि पाण्यात नेहमी घालतात तेवढ्या क्लोरीनला दाद देत नाही. त्यावर उपाय पाणी उकळण्याचा.

ओडिशातील 24 खेड्यांत ऐन पावसाळ्यात केलेल्या अशा पाहणीचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. भूजलाच्या पिण्याच्या स्रोतांपैकी जनावरांच्या विष्ठेची खूण 10 टक्क्यांत आणि माणसाची 4 टक्क्यांत सापडली. घरांत पाहिले, तेव्हा जनावरांची खूण 96 टक्के घरांत आणि माणसाची 45 टक्के घरांत! हातांवरून ही घाण साठवलेल्या पाण्यात जाते, हेही तेथे दिसून आले.

आपला खारदांडा म्हणजे ओडिशातले खेडे नव्हे. आपल्या महानगरपालिकेचे पाणी भांडुप आणि पांजरापूर येथे शुद्ध होऊन येते. पण ते ठरावीक वेळीच येते, म्हणून पिंपात भरून ठेवावे लागते. नळ बंद असताना वाहिनीतील दाब उतरतो आणि फटींतून बाहेरचे पाणी आत शिरू शकते. हुबळी-धारवाडच्या अभ्यासात पाणी सुटल्यानंतरचा पहिला लोंढा अधिक दूषित आढळला होता. तेव्हा पहिले पाणी धुण्या-पुसण्याला घ्यावे, पिण्याचे नंतर भरावे. शिवाय कोळीवाड्यात सुकत घातलेल्या मासळीभोवती मांजरे आणि कावळे, गल्लीत कुत्री, कुणाच्या दारी बकरी. त्यांच्यावर राग नको. गावाइतकीच तीही येथली आहेत. मात्र पिंपाला घट्ट झाकण हवे आणि अंगणात फिरलेली चप्पल पाण्याच्या जागेपाशी येता कामा नये.

घरात अंथरुणाला खिळलेले वडीलधारे असतील, तर शुश्रूषा करणाऱ्याचे हात हा सर्वांत महत्त्वाचा दुवा. डायपर बदलून किंवा मांजराला खाऊ घालून तोच हात माठात जातो. साबणाने हात धुवावेत, माठातून पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच काढावे. पाणी खळखळून उकळावे आणि त्याच भांड्यात झाकून निववावे. उकळलेले पाणी न धुतलेल्या माठात ओतले, तर सारा खटाटोप वाया जातो.

एक खुलासा, कारण पावसाळ्यात हा प्रश्न हमखास येतो: लेप्टोस्पायरोसिस उंदीर, कुत्री, गुरे यांच्या मूत्रातून पसरतो आणि पायावरच्या जखमेतूनही शिरतो. विष्ठेचा माग काढणाऱ्या चाचणीत तो कळत नाही. साचलेल्या पाण्यातून चालून आल्यावर ताप आला, तर डॉक्टरांना तसे आवर्जून सांगा.

उतारवयात तहान मंदावते, त्यामुळे जुलाबात शरीर कोरडे पडत असल्याचे ज्येष्ठांना स्वतःला उमगत नाही. जीभ कोरडी, लघवी कमी व गडद, बोलण्यात गोंधळ, उठताना भोवळ, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तोवर जलसंजीवनीची पुडी वेष्टनावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात विरघळवून घोट घोट पाजत राहा. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर किती द्यायचे ते आधी विचारा. लघवी वाढवणाऱ्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या अशा वेळी चालू ठेवायच्या की थांबवायच्या, हे मनाने ठरवू नका. गोळ्यांची पाकिटे हाताशी घेऊन डॉक्टरांना फोन करा.