पाणी प्या, असे सांगणे सोपे आहे

उन्हाळा लागला की सूचनाफलकावर एक कागद लागतो : भरपूर पाणी प्या, उन्हात फिरू नका, डोके झाकून घ्या. सूचना चांगली आहे, तिच्याशी माझे भांडण नाही. पण तो कागद वाचून आम्ही मुली एकमेकींकडे का बघतो, हे कोणीतरी लिहायला हवे.

मी मूळची सौंसरकडची. सौंसर-पांढुर्णा हा मध्य प्रदेशातला, नागपूर जिल्ह्याला लागून असलेला मराठी बोलणारा मुलूख. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा काढून त्याचा पांढुर्णा जिल्हा झाला. गोटमारीमुळे आमचे नाव वर्तमानपत्रात येते, संत्र्यामुळे बाजारात. २५ मेपासून सुरू होणाऱ्या नवतपाची तिथे घरोघरी धास्ती असते. त्यामुळे कैरीचे पन्हे, ताक, माठातले पाणी, डोक्याला दुपट्टा हे आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही.

तरीही तिकडे शिकत असताना माझी मैत्रीण परीक्षेच्या हॉलमध्ये कोसळली. एप्रिल महिना, दुपारचा पेपर, वर तापलेले पत्रे. सकाळपासून तिच्या पोटात जेमतेम दोन घोट पाणी गेले होते. घरी माठ भरलेला होता, पिशवीत बाटलीही होती. ती प्यायली नाही, कारण बसच्या वाटेवर कुठे जायला सोय नव्हती, आणि आमच्या त्या महाविद्यालयातल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला ना कडी होती, ना नळाला पाणी. आम्ही सगळ्याच तसे करीत होतो. त्या दिवशी पाळी तिची आली, इतकेच.

आमच्याकडे मृग बहार धरायचा तर उन्हाळ्यात संत्र्याच्या झाडाचे पाणी मुद्दाम तोडतात. त्याला ताण देणे म्हणतात. मग पावसाबरोबर झाड फुलते. मुलींना दिलेल्या ताणाने मात्र लघवीची आग आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग येतो. घाम हा शरीर थंड ठेवण्याचा मोठा आधार. पाणी आटले की रक्तातला द्रव कमी होतो, हृदयावर जोर पडतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. लघवी गडद पिवळी दिसली की समजावे, शरीर पाणी मागते आहे. अंग ४० अंशांच्या वर तापून माणूस बरळू लागला, तर तो उष्माघात. तिथे सरबताचे काम नाही; अंगावर पाणी ओतीत, वारा घालीत दवाखाना गाठायचा.

एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानावर भर उन्हात सोहळा झाला आणि त्यानंतर १४ माणसे दगावली. तेव्हा सभेच्या वेळेवर सर्वांनी खूप लिहिले. पेपरच्या वेळेवर कोण लिहिणार? परीक्षा सकाळी सातला का होऊ नये? आणि पेपर चालू असताना एखादी मुलगी बाहेर जाण्याची परवानगी मागते, तेव्हा ती कॉपीच करायला निघाली असे प्राध्यापकांनी का धरून चालावे?

इथेही मी मैत्रिणींना विचारले. उत्तर तेच आले. एकीने तर विचारले, "असले अंकात छापतात का गं?" ठाऊक नाही. पण यंदा तो कागद लावायला शिपाईमामा खिळे-हातोडी घेऊन येतील, तेव्हा त्यांच्याजवळ एक कडीही द्यावी. दार कोणते, ते आम्ही दाखवू.